कानबाईला वाहिलेली पिसं

धुळ्यात आमच्या गल्लीमागे तमाशाचा तंबू पडला होता. इंग्रज जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. तंबूतली एक नाचणारी बाई रोज आमच्या नळावर पाण्याला यायची. नऊवारी लुगड्यावर मडमेसारखा पांढऱ्या पिसांचा गळपट्टा असायचा. घागर उचलताना तो भिजू नये म्हणून ती त्याचं टोक दातांत धरायची.

श्रावणात आमच्या घरी कानबाई बसवली. त्या नारळाच्या देवीला, कानबाई मायला, गल्लीतल्या बायका रात्रीपुरता आपापला दागिना चढवतात. ती बाई आली आणि तिनं गळ्यातला पट्टाच काढून पुढे केला. तिची पोर तापातून वाचली होती, त्याचा नवस होता.

"ओ माय! कोंबडीना पिसं मायना गळामा?" शेजारच्या नानी किंचाळल्या.

"मी घालते मागून," म्हणत मी पट्टा आतल्या खोलीत नेला. घातला, पण स्वतःच्या गळ्यात, आरशासमोर. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. मग ट्रंकेत दडवला.

दुसऱ्या दिवशी बायकांनी आपापले दागिने उतरवून घेतले होते आणि पांझरा नदीच्या काठी विसर्जनाची आरती चालली होती. ती बाई गर्दीतून पुढे आली आणि कानबाईचा मोकळा गळा बघत राहिली.

"मायले आवडना नही का, अक्का?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं हात लांब करून माझ्या अंबाड्यात अडकलेलं एक पांढरं पीस काढलं, कानबाईच्या गळ्याशी ठेवलं.

"तुमले तरी आवडना ना."

आवाजात राग नव्हता. त्या वर्षी कानबाई ते एकच पीस लेवून पाण्यात गेली.