माझ्या डावीकडे

सूर्य पेटीत कोंडायला निघालेल्या प्रयोगशाळेत मान असतो तो कोंडणाऱ्यांना. त्या आगीची राख आणि उष्णता बाहेर काढणाऱ्याला कोण विचारतो? हे काम करणाऱ्या साहेबांना राहत्या इमारतीत सगळे धुरांडेसाहेब म्हणतात. स्वतःच्या स्वयंपाकघरातला धूर काढायचा पंखा मात्र कायम बंद, हे त्यांची बायको जिन्यात भेटेल त्याला ऐकवते.

साहेबांचं काम म्हणजे भट्टीच्या तळाची टंगस्टनची फरशी. चुंबकांच्या पिंजऱ्यातून निसटलेली आग तिथे तिरकी येऊन आदळते. म्हणून प्रत्येक लादी केसभर कलती बसवायची, म्हणजे पुढच्या लादीची कड मागच्या लादीच्या आडोशाला राहते. कल उलटा पडला की कड उघडी पडलीच, आणि मेणासारखी वितळलीच.

या फरशीपायी साहेबांचे केस गेले, झोप गेली. आता भट्टीचं झाकण बसलं की ते नोकरीतून सुटणार होते. लेकीला मुलगी झाली होती; तिकडे जायला बायकोनं दोघांची बॅग भरून ठेवली होती.

झाकणाच्या आदल्या दिवशी साहेब तळाशी उतरले आणि आग जशी वाहत येणार तशाच दिशेनं लाद्यांवर नख फिरवत निघाले. शेवटच्या ओळीत नख उघड्या कडेला अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं.

त्यांनी लाद्या बसवणाऱ्या मिस्त्रींना हाक मारली. "ही ओळ अशी कशी बसली?"

"तुम्हीच म्हणालात, डावीकडे कल द्या."

"माझ्या डावीकडे!"

"मी तुमच्या समोर बसलो होतो, साहेब. तुमचं डावं ते माझं उजवं."

या धंद्यात कुणी डावं-उजवं बोलत नाही. वरून बघायचं आणि घड्याळाच्या काट्याची दिशा सांगायची, बस. पण ही ओळ बसवली त्या दिवशी साहेब इतके शिणले होते की तोंडाला येईल ते बोलून मोकळे झाले.

मिस्त्री हळूच म्हणाले, "उद्या झाकण बसतंय. तुम्ही तर सुटलात."

साहेब फरशीवरच बसले. खरंच, भट्टी पेटायला अजून अवकाश होता. तोवर ते नातीला मांडीवर घेऊन बसले असते. आणि कड वितळली की खापर फुटलं असतं मिस्त्रींच्या डोक्यावर.

गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि मोठ्या साहेबांना फोन लावला. "झाकण थांबवा. एक ओळ उलटी बसलीय. चूक माझी. काढून, परत बसवूनच जाईन."

पलीकडून जे ऐकू आलं, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "किती दिवस?"

"महिने म्हण."

"मग मी जाते एकटी."

"जा."

"थांब म्हणणार नाही?"

"म्हटलं तर थांबशील?"

"मुळीच नाही."

"मग कशाला तोंड दुखवू?"

ती बॅगेतून त्यांचे शर्ट काढायला बसली. काहीतरी खमंग ऐकवायचं म्हणून तिनं मान वर केली, तर साहेब एका पायातला बूट काढून, दुसरा तसाच ठेवून खुर्चीत झोपून गेले होते.