लेकीनं मला हरवलं ती आखाजी

माझ्या लेकीसारखं गाणारी पोर तेव्हा गिरणेच्या दोन्ही काठांवर नव्हती. आई आहे म्हणून सांगतेय असं कुणाला वाटलं, तर खुशाल वाटू द्या. आई तर मी आहेच. पण त्या दिवशी मी तिच्या समोरच्या काठावर उभी होते, आणि तिला गप्प करायलाच उभी होते. तेव्हा या बाबतीत माझ्याइतकी खात्रीची साक्ष दुसऱ्या कुणाची मिळायची नाही.

आमचं गाव भडगावापासून फार लांब नाही. ते गिरणेच्या या काठाला, आणि माझं माहेर नेमकं समोरच्या काठाला. उन्हाळ्यात मधे पाणी ते केवढं! लुगडं जरा वर खोचलं की पलीकडे. बाकी सगळी वाळू आणि वाळूत टरबुजांचे वेल. तो इंग्रजांचा काळ. भडगावच्या बाजारात पांढऱ्या टोप्यांची मुलं प्रभातफेऱ्या काढायची आणि त्यांच्या मागे पोलीस धावायचे, हे आमच्याही कानावर यायचं. पण आम्हा बायकांची लढाई वर्षातून एकदाच, आखाजीला, नदीवर व्हायची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. चैत्रात पोरी गौराई बसवतात, रोज संध्याकाळी गाणी म्हणत तिच्यासाठी पाणी आणतात आणि आखाजीला तिला नदीत बोळवतात. आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाणार म्हणजे जाणारच, तिथे सासूचंही काही चालत नाही. पुरुष पारावर पत्ते कुटत बसतात आणि आम्ही झोके घेतो. मग दुपार कलली, गौराई पाण्यात गेली, की दोन्ही गावच्या पोरीबाळी आपापल्या काठाला उभ्या राहतात आणि एकमेकींच्या गावाला शिव्या देतात. पण सगळ्या गाण्यातून. एकीनं पुढे होऊन कडवं टाकायचं, मागच्यांनी झील धरायची, आणि समोरच्या बाजूनं ती झील संपायच्या आत त्याच चालीत उत्तर द्यायचं. सुचलं नाही, तर पुढे उभ्या असलेल्या बाईनं पाण्यातला पाय मागे घ्यायचा. जिचा पाय एकदा मागे गेला, ती पुन्हा कधी पुढे उभी राहत नाही.

माहेरच्या काठाला पुढे मी असायची, लग्नाच्या आधीपासून. समोर असायची ती पुढे माझी नणंद झाली. सगळ्यांची अक्का. तिला गावातच दिलेली, त्यामुळे तिचं माहेर आणि सासर एकाच काठाला. आम्ही कितीतरी आखाज्या एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण पाय ना तिचा मागे गेला ना माझा. लग्न होऊन मी तिच्याच भावाच्या घरात आले. अक्काची भावाकडे रोजची ये-जा, त्यामुळे वर्षभर आम्ही एका चुलीपुढे बसायचो, आणि आखाजीला मी नदी ओलांडली की पुन्हा सुरू.

त्या वर्षी अक्काचा घसा बसला तो बसलाच. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, काही उपयोग नाही. मग तिनं माझ्या लेकीला हाताशी धरलं. पोर चौदा वर्षांची, चोपड्याकडे तापीकाठच्या एका घरात तिचं लग्न ठरलेलं, ज्येष्ठातला मुहूर्त. म्हणजे लग्नाआधी पुढे उभं राहण्याची तिची ही पहिली आणि शेवटची आखाजी. पाटलांच्या घरी त्या जागेवर टपून बसलेली एक पोर होतीच. ती उघड म्हणायची, "अक्कानी भाची शे, पन आवाज कोठे शे?" माझ्या पोरीनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. लग्नाच्या लुगड्याचा रंग विचारला तरी "काहीबी आन" म्हणायची.

अक्काची शिकवायची रीत तिची तिचीच. गाणी पाठ करून घेणं तिला मान्य नव्हतं. पाठ केलेलं समोरच्या काठाला चालत नाही, तिथं उत्तर जागच्या जागी लागतं. म्हणून चैत्रभर ती पोरीशी साधं बोललीच नाही. मीठ कुठंय, गाय सोडली का, चूल का विझली, सगळं आखाजीच्या चालीत विचारायचं. आणि पोरीनं त्याच चालीत, अक्कानं हातातली चिमूटभर ज्वारी जात्यात टाकायच्या आत, उत्तर द्यायचं. चुकली की भरली घागर कमरेवर घेऊन विहिरीपासून गात यायचं, दम न तोडता. माझ्या स्वयंपाकघरात हे चालायचं, माझ्याच जात्यावर, आणि मी उंबऱ्यात पाय टाकला की दोघी चिडीचूप.

"गात का नाही?" मी विचारायची.

"तू तठली शे," अक्का तिच्या बसक्या आवाजात म्हणायची. तिकडची, म्हणजे शत्रूची!

संताप यायचा मला. पोर माझी, जातं माझं, आणि ताकास तूर लागू देत नव्हत्या. पण भिंत काही बहिरी नव्हती आणि मी तर मुळीच नव्हते. गोठ्यात शेण भरता भरता मी ऐकायची. पहिल्या दिवसांत पोर अडखळायची, रडायची. मग एक दिवस अक्कानं काहीतरी विचारलं आणि पोरीनं असं झटकन, असं ठसक्यात उत्तर फेकलं की अक्काला हसू आवरेना, खोकलाच लागला तिला. आवाज माझाच होता, तसाच जाड, कडेला जरा खरखरीत. मी शेणाचे हात तसेच ठेवून उभी राहिले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

आखाजीला मी नेहमीसारखी माहेरी गेले. पोरीसाठी सांजोऱ्या तळून गाठोडं बांधून ठेवलं आणि नदीवर आले. समोर माझ्या सासरच्या गावच्या पोरी, पुढे माझी लेक, हिरवं परकर-पोलकं, पाय पाण्यात. मागे अक्का, तोंडावर पदर. पाटलांची ती अक्काच्या शेजारीच उभी, कधी एकदा जागा रिकामी होते म्हणून.

आधी लहानसहान झालं. माहेरच्या बाजूनं माझ्या बहिणीनं कडवी टाकली, पोरीनं ती टोलवली. मग माहेरच्या बायका मला पुढे ढकलू लागल्या. "तुनीच अंडेर शे, तुनी लेकले तूच गप्प कर!"

मी क्षणभर थांबले. वाटलं, हलकंसं काहीतरी म्हणावं, पोर सहज परतवेल असं. तिची जागा राहील, लग्नाला हसऱ्या तोंडानं उभी राहील. पण मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती आणि तिच्या कपाळाला आठी पडली होती. मी मनात काय घोळवते आहे ते तिला नदीपलीकडून कळलं होतं! लेकीला खिरापत वाटायला आपण इथे आलो नाही, असं मला लख्ख वाटलं. पदर खोचला, पाय पाण्यात रोवला आणि छाती भरून सोडलं:

"तुमना गावनं पानी खारं, दाय काही शिजे ना,
तुमना गावना दादला असा, हाक मारी तरी उठे ना!"

दोन्ही काठ हसले. कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. सासरच्या विहिरीच्या पाण्यात डाळ खरंच शिजायची नाही, आणि हाक मारूनही न उठणारा दादला कोण, हे समोरच्या प्रत्येकीला माहीत होतं. माझ्या लेकीचा बापच तो. माझ्या मागच्या बायकांनी झील धरली आणि मुद्दाम लवकर ओढत आणली. अक्कानं पदर दातात धरला. पाटलांची पोर अर्धं पाऊल पुढे आली. टाकलेलं कडवं मागे घेता येत नाही.

झिलीचा शेवटचा शब्द राहिला होता. पोरीनं कमरेवर हात ठेवला:

"दादला उठे ना, दाय शिजे ना, गाव इतलं खराब शे,
आखाजी सरी मंग कोठे जाशी? गठुडं तुनं बांधेल शे!"

काय उत्तर देणार? गाठोडं खरंच बांधलेलं होतं. माझ्या मागे माहेरवाशिणींची रांग होती, आणि आखाजी सरली की त्यातल्या प्रत्येकीला शिव्या दिलेल्या गावालाच परत जायचं होतं. त्या झील धरायच्या सोडून हसत सुटल्या, एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. समोरची झील आली आणि संपली. मी पाय मागे घेतला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा हरले, आणि मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. पलीकडे अक्का पोरीला मिठी मारून तिच्या पाठीवर थापट्या देत होती.

घरी परतल्यावर पोरीनं गाठोडं सोडायच्या आधी मला कोपऱ्यात गाठलं. "माय, खरं सांग. तू मुद्दाम हारी गई का?"

"माले उत्तर आलं नही," मी म्हटलं. "खा आते सांजोऱ्या."

ज्येष्ठात तिचं लग्न झालं. पुढचं वर्षभर मी दळता-कांडता त्या कडव्याचं उत्तर शोधत होते. शेवटी सापडलंही. झणझणीत होतं. पण आता ते टाकायचं कुठे? पाय मागे गेलेला, पुढे उभं राहणं संपलंच होतं, आणि आखाजीला लेक पहिल्यांदा माहेरी येणार, मग मी तिला दारात घ्यायची सोडून माझ्या माहेरी कशी जाऊ? त्या वर्षी मी नदी ओलांडली नाही. आमच्याच काठाला, लेकीच्या मागे, अक्काच्या शेजारी उभी राहिले. मी हरलेली, ती घसा बसलेली, दोघी झील धरायला.

समोर आता माझी भाची, भावाची लेक, पुढे होती. चलाख पोर. तिनं माझ्या लेकीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या नव्या बांगड्यांकडे पाहिलं आणि तिचंच कडवं तिच्या अंगावर फेकलं. आखाजी सरी मंग कोठे जाशी? गठुडं तुनं बांधेल शे! मला माहीत होतं ते कुठे लागतं. दोनच दिवसांनी तापीकाठची बैलगाडी तिला न्यायला येणार होती, आणि सकाळीच ती गोठ्यात गायीच्या गळ्यात पडून रडली होती. माझं वर्षभराचं उत्तर माझ्या जिभेवर आलं. पुढे वाकून मी ते तिच्या कानात सांगणार, तोच तिनं तोंड उघडलं:

"जठे मनी गिरणा जास, तठेच मनं सासर शे!"

गिरणा पुढे तापीलाच मिळते. मला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण वर्षभर जात्यावर बसून मला ते सुचलं नव्हतं. मी झील धरली. अशी धरली की टरबुजांच्या वाडीवरचा राखणदार उठून बसला. भाचीनं पाय कधी मागे घेतला तेही मी पाहिलं नाही, मी आपली गातच होते.

अक्कानं मला चिमटा काढला. "धीरे वं. पोरीनं गानं ऐकू दे लोकेसले."

मी आवाज खाली घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच.