शून्य की उणे एक

नव्वदीच्या दशकात तंजावुरात कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्याच निघू लागल्या होत्या. जुन्या बसस्टँडमागच्या अशाच एका लहान कंपनीत मी होते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना लागणारी सी भाषेतली तयार फंक्शनं, म्हणजे एकेक काम करून देणारे कोडचे तुकडे, आम्ही विकत असू. ती लिहायचा माझा सहकारी, आणि कुठलं फंक्शन काय करतं ते सांगणारं पुस्तक लिहायचे मी. तो राजवाड्याजवळच्या गल्लीतला, आमच्यातलाच, पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेल्या मराठी घरातला, त्यामुळे आम्ही दोघं मराठीतच बोलत असू.

एकदा ओरत्तनाडुहून एक प्राध्यापिका आल्या. बसमधल्या गर्दीनं साडी पार चुरगळलेली, हातात आमचं पुस्तक. यादीत नाव शोधून त्याची जागा सांगणारं एक फंक्शन होतं, ते पान उघडून त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "नाव सापडलं नाही तर शून्य मिळतं, असं इथं लिहिलंय. एका मुलीनं प्रॅक्टिकलला उणे एक धरलं. मी हेच पान दाखवून तिचे मार्क कापले. काल स्वतः चालवून पाहिलं, तर बरोबर तीच!"

मी सहकाऱ्याला बोलावलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"अक्का, त्या शून्याचं उणे एक मीच केलं. सीमध्ये मोजणी शून्यापासून, म्हणजे यादीतलं पहिलं नावही शून्यावरच. मग शून्य आलं तर नाव पहिलं आहे की नाहीच, कळणार कसं? तुला सांगायचं राहिलं. आई दवाखान्यात होती तेव्हा."

बदल योग्यच होता. त्याच्यावर रागवावंसं वाटेना.

बोलणं ऐकून बाहेर आलेले आमचे साहेब म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "चूक पुस्तकाची, एवढं लिहून द्या. मला वर्गात वाचून दाखवायचंय."

साहेब का-कू करू लागले, तसा सहकारीच म्हणाला, "मी सही करतो." त्याच्या खाली मीही केली.

त्यानंतर काहीही बदललं की तो त्या फंक्शनच्या डोक्यावर, कोडमध्येच, दोन ओळी लिहू लागला. मी त्यावरून पुस्तक लिही आणि त्यातलं प्रत्येक उदाहरण छापण्याआधी मशीनवर चालवून बघे. आणखी बऱ्याच चुका निघाल्या. काही त्याच्या, काही माझ्या.

पुढे बाईंचा फोन आला. मार्क वाढवले होते, वर्गात वाचूनही दाखवलं होतं.

"मुलगी काय म्हणाली?" मी विचारलं.

"खाली मान घालून हसली. पण आता मी काहीही शिकवलं की सगळा वर्ग म्हणतो, चालवून बघू या, मॅडम!"