गाळलेल्या जागा

आमची आत्या एकतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होती. साहेबांनी निकाल सांगताना एखादा शब्द खाल्ला, तर ती भर कोर्टात मान वर करून विचारायची, "साहेब, काय म्हणालात?" आणि साहेब निमूटपणे पुन्हा म्हणायचे. आत्याशी वाद घालायची घरातही कुणाची छाती नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे तिच्या जावयाबद्दल थोडी सहानुभूती वाटेल.

आतोबा ध्वनिमुद्रक होते, अगदी अबोल माणूस. सुट्टी मिळाली की मशीन खांद्याला लावून ते कुठेकुठे जायचे आणि ज्यांना कधी कुणी विचारलं नाही अशा गाणाऱ्यांना टेपवर घेऊन यायचे. कुणी नावाडी, कुणी धोबी, कुणी शाळेतली शिपाईबाई. ते गेल्यावर आत्याने दोन वर्षं खपून सगळ्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवल्या. दोन हजार तीनशे गाणी. टेपच्या डबीवर आतोबांच्या अक्षरात जे असेल ते बघून प्रत्येकाला नाव दिलं. रोज सकाळी चहा घेऊन ती कॉम्प्युटरपुढे बसायची, नाव टाइप करायची आणि गाणं लावायची. तेवढ्यात कुणी मिक्सर सुरू केला तर त्याची काही धडगत नसे.

मग तिच्या डोळ्यांत, नजरेच्या अगदी मधोमध, डाग आला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. ताई, म्हणजे आत्याची मुलगी, रडायला लागली. आत्या म्हणाली, "रडतेस काय? कान शाबूत आहेत."

भाऊजींनी, ताईच्या नवऱ्याने, ते फारच मनावर घेतलं. भला माणूस, पण उत्साहाला लगाम नाही. पुढच्याच रविवारी त्यांनी स्ट्रीमर आणला. पुस्तकाएवढा काळा डबा, स्पीकरला जोडायचा आणि हवं ते तोंडाने सांगायचं. "आई, गाण्यासाठी कॉम्प्युटर म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं," ते म्हणाले. "चालू व्हायला पाच मिनिटं, पंख्याची घरघर, मधेच अपडेट. याला गाण्याशिवाय दुसरा उद्योगच नाही. तुमची सगळी गाणी मी यात घातलीत. कॉम्प्युटर शनिवारी भंगारवाल्याला देऊन टाकू."

मी भाऊजींच्या बाजूने होते, खोटं कशाला बोलू? त्यांनी यादीतलं कुठलंतरी गाणं लावलं आणि आत्यानेही कान टवकारले. घरघर नाही. गाणाऱ्याने घेतलेला श्वास ऐकू येत होता.

"आवाज चांगला आहे," आत्या म्हणाली. "आता नावाडी लावा."

"नावाडी," भाऊजींनी डब्याला सांगितलं. डब्याने लग्नाच्या वरातीत वाजावं असलं काहीतरी लावलं. भाऊजी घसा खाकरून पुन्हा म्हणाले. या वेळी लहान मुलांचं बडबडगीत आलं. शेवटी त्यांनी फोनवर यादी उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. यू, के, ओ, के, मधेच कंस, मधेच स्वल्पविराम. दोन हजार तीनशे ओळी, सगळ्या अशाच.

"आई, नावांची पार वाट लागलीय. पण जाऊ द्या, जगातली सगळी गाणी यात मिळतात."

"ह्यांची मिळतात?"

भाऊजींनी फोनवरची यादी माझ्यापुढे धरली.

घोटाळा माझ्या लक्षात आला. कोर्टात कॉम्प्युटर आले तेव्हा टायपिस्टांसाठी टाइपरायटरच्याच कळांचा मराठी फाँट दिला होता. त्यात 'न'साठी यू दाबायचा, कान्यासाठी के. कागदावर छान मराठी उमटतं. फाइलच्या नावाला मात्र तो फाँट लागत नाही, तिथे यू आणि केच राहतात. आत्याला ते कळणार कसं? जातिवंत टायपिस्ट. नजर डबीवरच्या अक्षरांवर, पडद्याकडे बघणं तिला कमीपणाचं वाटायचं.

"म्हणजे मी चुकीचं टाइप केलं?" तिने विचारलं. एकतीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नसेल.

ती भिंतीच्या आधाराने कॉम्प्युटरपाशी गेली. बोटं सरसर चालली, एंटर, आणि नावाडी गायला लागला. "चुकीचं असेल, पण मला पाठ आहे. भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवा."

"आणि तुमच्यानंतर, आई?" भाऊजींच्या तोंडून निघून गेलं. ताईने डोळे वटारले.

आत्याने नावाडी थांबवला. मग म्हणाली, "बरोबर बोललात. माझी बोटं थकली की ह्यांचे सगळे गाणारे मुके होणार, आणि तेही माझ्यामुळे. मला ते सहन व्हायचं नाही. नावं दुरुस्त करायची. सगळी."

भाऊजींनी जुन्या फाँटचं साधं मराठी करणारा प्रोग्रॅम शोधून चालवला. नावं वाचता यायला लागली, पण दात पडल्यासारखी. 'घ', 'ध', 'झ' अशा काही अक्षरांसाठी आधी एक चिन्ह आणि मग काना दाबावा लागतो; ती चिन्हं फाइलच्या नावात चालतच नाहीत, मागे नुसता काना उरतो. धोब्याचा 'ाोबी' झाला होता. "शाळेतल्यासारखं झालं हे," मी म्हटलं, "गाळलेल्या जागा भरा."

"मग भरू," आत्या म्हणाली.

रोज संध्याकाळी सहा ते आठ. भाऊजी ऑफिसातून आले की बूट काढून थेट कॉम्प्युटरपुढे. गाणं वाजायचं, आत्या नाव सांगायची, भाऊजी टाइप करायचे. ताप आला तरी सुट्टी नाही. तिला आला तरी नाही आणि त्यांना आला तरी नाही. दुरुस्त झालेली गाणी डब्यात जायची आणि सकाळी आत्या त्याला हुकूम सोडायची. डबा आता मुकाट्याने ऐकायचा.

हजाराच्या पुढे गेल्यावर एका संध्याकाळी 'ारची' आलं. गाव नाही, साल नाही. "दारची? वारची?" भाऊजी पुटपुटले आणि त्यांनी ते लावलं.

टाइपरायटरची खटखट. खटखटीच्या तालावर एक बाई स्वतःशीच गुणगुणत होती, तीही बेसूर. ओळ संपल्याची घंटी वाजली, कॅरेज सरकलं, पुन्हा गुणगुण. ताई आत्याकडे बघायला लागली.

"मी कोर्टाची कामं घरी आणायचे तेव्हाचं आहे," आत्या म्हणाली. "ह्यांनी माझ्या पाठीमागे मशीन लावून ठेवलं होतं. मला टेप उतरवताना कळलं. डबीवर त्यांनी जे लिहिलं होतं तेच मी टाइप केलं."

"काय लिहू, आई?"

आत्याने खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली.

"घ," ती म्हणाली. "घरची."