न्हाल्यावरच डॉक्टरकडे

माझी थोरली बहीण पोलादपूरच्या सासरहून महाडला आमच्याकडे परत आली, तेव्हा तिची मान सुजलेली होती, आवाज घोगरा झाला होता आणि भर वैशाखात ती घोंगडी मागत असे. विटाळ आला की वीस-वीस दिवस थांबत नसे. तितके दिवस ती पडवीत, पोत्यावर, वेगळी थाळी घेऊन. बसल्या बसल्या तिला झोप लागे.

सासऱ्यांचा निरोप तिच्याबरोबरच आला होता. "बारा महिने बाहेर बसणारी सून काय कामाची? शिमग्यापर्यंत बरी झाली तर धाडा. नाय तर पोरासाठी दुसरी बघतो." मेव्हणे मुंबईला गिरणीत. ते काहीच बोलले नव्हते.

आईने तिला दोनदा डॉक्टरकडे नेले, दोन्ही वेळा न्हाल्यावर. विटाळात परक्या पुरुषाने नाडी धरायची कशी? म्हणून डॉक्टरांनी पाहिली ती फक्त मान. "लेप लावा, घाई नाही," म्हणाले. रक्ताचे त्यांना कोणी सांगितलेच नाही. मीही तिथेच उभा होतो. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, असे छापलेली पत्रके मी चवदार तळ्याच्या वाटेवर हातोहात वाटली होती. घरच्या पडवीबद्दल मात्र जीभ उचलत नव्हती.

दिवाळीनंतर रक्त महिनाभर थांबलेच नाही. ती भिंत धरून चालू लागली. आई म्हणाली, "चार दिवस दम धर गो बाय, न्हालीस की जाऊ." मी गाडी जुंपली आणि बहिणीला तशीच उचलून आत बसवले. आईने तोंड फिरवले.

डॉक्टरांनी मान चाचपली. "आणखी काही?"

मी खाली पाहिले.

"ह्यो माजा भाऊ गावभर कागद वाटतो," बहीण म्हणाली, "पण ह्याच्या तोंडून निघायचं नाय. डॉक्टर, माजा विटाळ महिना झाला थांबत नाय."

"हे आधी सांगायचं होतं!" डॉक्टर चिडले. "गळ्यातली ग्रंथी मंदावली की थंडी वाजते, झोप येते, आणि बाईचं रक्तही आवरत नाही. दुखणं एकच आहे." त्यांनी मेंढराच्या ग्रंथीपासून केलेल्या गोळ्या मुंबईहून मागवल्या.

हळूहळू उतार पडला. माघ संपताना विटाळ वेळेत थांबला आणि ती पाचव्याच दिवशी न्हाली. मी तडक पोलादपूर गाठले. सासऱ्यांनी सगळे ऐकून घेतले.

"बरी झाली, चांगलं झालं. पण पोराची दुसरीकडे सुपारी फुटली. आता मागं फिरता येत नाय."

शिमगा अजून पुढे होता, मुदत त्यांचीच होती. मी पुष्कळ बोललो, पत्रकांतली सगळी वाक्ये बोललो. त्यांनी मला पाणी विचारले.

घरी बहीण तांदूळ निवडत होती. मी सांगितले. तिचा हात थांबला नाही.

"हळद कधी हाय?"

"होळी झाली की."

"मग तिथली माजी भांडी त्याआधी आणू या," ती म्हणाली. "आन् गोळ्या दोनच उरल्यात. त्या मागव."