राहाटावर बसलेला तपासनीस

धरमपेठेतून निघालो तेव्हा माझ्याजवळ छत्री, वळकटी आणि शाळा बंद करायचा एक कोरा हुकूम होता. नागपूर तेव्हा राजधानी आणि मी शिक्षणखात्यातला धाकटा तपासनीस. म्हणजे साहेबांची जीप जिथे जात नसे तिथे मला पाठवत. नियम सोपा होता. वर्गात मास्तर आणि वीस मुलं दिसली तर शाळा राहणार, नाहीतर कुलूप.

कुहीपर्यंत मोटार मिळाली. पुढे धानाच्या बांध्यांतून बंडी (बैलगाडी) केली. नाल्यात तिचं चाक रुतलं. मी ढकलायला उतरलो तेव्हा चाक निघालं, पण माझा डावा जोडा चिखलानं गिळला. एका जोड्यानिशी शक्य तेवढा रुबाब सांभाळत मी विणकरांच्या त्या गावात शिरलो.

पहिल्याच ओसरीवर पागोटी घातलेले तिघे जण राहाट फिरवत, धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरत होते. पलीकडे पोस्टमन तेच करत होता. माझ्या बंडीवाल्यालाही एका बाईनं हाताला धरून बसवलं. मला काही उलगडेना.

शाळेत दामोदर मास्तर पाढे घेत होते. मी डोकी मोजली. एकोणीस.

"विसावी रखमी राहाटावर आहे जी," मास्तर म्हणाले. "इथं कांड्या पोरंच भरतात. पोरगं उठलं का माग थांबते, अन् माग थांबला का चूल. म्हणून मी रिवाज पाडला. गावात जो येईल त्यानं राहाटावर बसायचं, तेवढा वेळ पोरगं शाळेत."

"आणि ते पागोटीवाले?"

"मुलगी पाहायले आले. तिले अजून पाहिलीच नाही त्यायनं."

मास्तर स्वतः रखमीच्या जागी बसायला निघाले. पण मग वर्गात मास्तर दिसणार नव्हता. ते थबकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "शाळा गेली तं ही पोरं जन्मभर राहाटावरच राहतीन, साहेब." मला फार लाज वाटली. गावात रिकाम्या हातांचा आता मी एकटाच उरलो होतो.

मी रखमीचं घर गाठलं. तिची आई यशोदाबाई मागावरून न उठता म्हणाली, "बसा जी साहेब. पोरीले सोडतो मी, पन माग थांबला नाई पाहिजे."

रखमी मागं न बघता धूम पळाली. मी राहाट फिरवला आणि सूत तुटलं. जोडलं, पुन्हा तुटलं.

"काहून एवढं वढून राहिले? सूत आहे थे, बैल नाही!"

तासभरात माझ्या तीन कांड्या झाल्या. त्यातल्या दोन तिनं उलगडून पुन्हा भरल्या. तेवढ्यात शाळेतून पाढ्यांचा आवाज आला. मान वर केली की सूत तुटे, म्हणून मी खाली मान घालूनच ऐकत राहिलो. जेवायला तिनं गोळाभात वाढला, तोही, मला वाटतं, कीव येऊन.

नागपुरात साहेबांनी अहवाल पाहिला. "वीस हजर. स्वतः पाहिलीत?"

"हो साहेब," मी म्हणालो. शाळा राहिली.

पुढे पेन्शनीपर्यंत मी शेकडो वर्गांत डोकी मोजून आकडे लिहिले. न पाहता लिहिलेला आकडा तेवढा एकच, आणि शपथ घ्यायची वेळ आलीच तर मी त्याच्यावरच घेईन.