रिलीज नाकारण्याचं कारण

तो फॉर्म एका पानाचा होता आणि त्यातला शेवटचा रकाना मी माझ्या हाताने भरला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी स्वतःची बाजू सावरू लागलो तर वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येईल.

मी बहरीनमधल्या एका छोट्या खाजगी कॉलेजात काम करतो. प्रवेश, हजेरी, दाखले हे माझं खातं. फुटबॉल मी कधी खेळलो नाही, पण लीगचे कागद माझ्या टेबलावरून जात. आमच्यासारखी सहा छोटी कॉलेजं मिळून हिवाळ्यात ही लीग चालवतात. मैदानं भाड्याची, गवत प्लास्टिकचं, प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे मित्र आणि दोन-चार आईबाप. नियम मात्र मोठ्या क्लबांना शोभतील असे. खेळाडूने कॉलेज बदललं की जुन्या कॉलेजने त्याला रिलीज, म्हणजे सोडल्याचा कागद, द्यायचा. तो मिळाला नाही तर एक हंगाम बाहेर बसायचं. रिलीज नाकारायला कारण एकच चालतं: नव्या कॉलेजच्या माणसाने आधीच गाठून खेळाडूला फूस लावली असली पाहिजे. खेळाडू आपणहून चौकशीला गेला असेल तर त्यात काही गैर नाही. लीगच्या नियमांच्या पुस्तिकेत हा फरक एका ओळीत दिला आहे. ती ओळ मला पाठ होती.

आमच्या गोलकीपरने ऑगस्टमध्ये बदलीचा अर्ज दिला. तो कोकणातल्या एका ट्रेलर ड्रायव्हरचा मुलगा, राहायला आमच्याच गल्लीत. वडील मीना सलमान बंदरात कंटेनर ओढतात. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते मागच्या रांगेत बसत आणि मला साहेब म्हणत. मुलगा मला काका म्हणायचा. लीगमध्ये बावीस वर्षं पूर्ण झाली की खेळता येत नाही आणि त्याला मार्चमध्ये बावीस पूर्ण होणार होती. म्हणजे हा हंगाम त्याचा शेवटचा. हे मला माहीत होतं, कारण त्याची जन्मतारीख मीच तपासून फाइलला लावली होती.

अर्जात बदलीचं कारण लिहिलं होतं, ‘वैयक्तिक’. दुसरं काही नाही.

‘वैयक्तिक’ या शब्दाने माझं डोकं फिरलं. नवं कॉलेज आमच्यापेक्षा काही वरचं नव्हतं. कोर्स तोच, इमारत आमच्याहून जुनी, फक्त वर्ग संध्याकाळचे. आमचे कोच केरळचे, गरम डोक्याचे. ते अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “सर, ये लडका अपने आप नहीं गया. उसको उठाया है.”

“प्रूफ?”

“प्रूफ आप निकालो ना. पेपर तो आपके पास है.”

मी प्रूफ काढायला लागलो. खरं तर त्यांनी सांगण्याआधीच मी लागलो होतो. आम्ही राहतो त्या माहूज भागात, गल्लीतल्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, दारात मी त्या मुलाला दुसऱ्या कॉलेजच्या कोचशी बोलताना पाहिलं होतं. दोघांच्या हातात इथल्या दाट करक चहाचे कप, कोच काहीतरी समजावतोय, मुलगा मान हलवतोय. मी पाण्याची बाटली घ्यायला गेलो होतो. ती न घेताच परत फिरलो, त्यांनी मला पाहू नये म्हणून. मग घरी माझ्या मुलीला त्याचं इन्स्टाग्राम उघडायला लावलं.

“बाबा, धिस इज क्रीपी,” ती म्हणाली.

“अगं, कामाचं आहे.”

“कामाचं असतं तर तुम्ही ऑफिसमध्ये बघितलं असतं.”

इन्स्टाग्रामवर काही नव्हतं, आणि काही नाही याचाच मला जास्त संशय आला. पूर्वी तो दर आठवड्याला हातमोज्यांचे फोटो टाकायचा आणि जूनपासून एकही नाही. एवढं लपवण्यासारखं काय आहे? सकाळची हजेरीही जूनपासूनच घसरलेली. आठवड्यातले ठरावीक तीन दिवस तो गायब असायचा. मी ते तीन दिवस लाल पेनाने गोल केले. त्या तिन्ही दिवशी तो तिकडे सरावाला जात असणार, अशी माझी खात्री झाली. सकाळी आठला कोण सराव घेतं, हा प्रश्न मला पडला नाही.

इथे माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायला हवी. वीस वर्षांपूर्वी मी मीना सलमानच्याच एका गोदामात कारकून होतो. मला चांगली नोकरी मिळाली होती आणि मालकाकडून रिलीज हवं होतं; त्याशिवाय इथे नोकरी बदलता येत नसे. मालकाने विचारलं, “तुला त्यांनी बोलावलं, का तू गेलास?” मी म्हटलं, मी गेलो. तो हसला आणि त्याने कागद ड्रॉवरमध्ये टाकला. ती नोकरी दुसऱ्याला मिळाली. पुढची दोन वर्षं मी त्या ड्रॉवरसमोर बसून काढली. आपण असं कधीच वागणार नाही, असं तेव्हा बायकोला कितीदा तरी म्हणालो होतो.

मुलाला आम्ही चौकशीला बोलावलं. मी कोचना म्हणालो, “आप बाहर बैठो. मैं मराठी में पूछता हूँ. अपना लडका है, खुलेगा.” या शहाणपणाचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

दार लावून मी विचारलं, “अरे, कारण काय ते सांग मोकळेपणाने. मी काय परका आहे?”

तो खाली बघत म्हणाला, “पर्सनल आहे, काका.”

“तिकडचे कोच तुझ्याशी बोलले ना?”

“हो.”

“कधी?”

“मेमध्ये. पण ते आले नव्हते, काका. मीच गेलो होतो. संध्याकाळच्या वर्गांचं विचारायला.”

“आणि आठवड्यातले तीन दिवस कुठे असतोस?”

त्याचे कान लाल झाले. घाम पुसून म्हणाला, “ते नाही सांगू शकत.”

मला वाटलं, सापडला.

फॉर्मवर मी लिहिलं: ‘नव्या कॉलेजच्या प्रशिक्षकाशी आधी संपर्क झाल्याचे खेळाडूने मान्य केले आहे.’ या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. त्याने सांगितलेलं दुसरं वाक्य मी लिहिलं नाही, एवढंच. लिहिताना पेन थांबलं होतं. ते का थांबलं, हे मला त्याच क्षणी माहीत होतं.

तो गेला दुसऱ्या कॉलेजात, पण खेळायला बंदी. लीग सुरू झाली.

डिसेंबरमध्ये मी रक्त तपासायला सलमानिया हॉस्पिटलात गेलो होतो. सकाळची वेळ. कॉरिडॉरमधल्या बाकावर शाल पांघरून एक बाई बसली होती. शेजारी फाइल धरून तो. मी वळणार होतो, पण तिने ओळखलं. त्याची आई. गणपतीत उकडीचे मोदक तिच्याशिवाय होत नसत. या वर्षी ती आली नव्हती आणि बायका म्हणाल्या होत्या, गावी गेली असेल. चेहरा इतका उतरलेला की आवाज ऐकला नसता तर मी ओळखलं नसतं.

“अगोबाई, भावजी! तुम्ही इथं?”

“रक्त तपासायला आलोय. तुम्ही, वहिनी?”

तिने मुलाकडे पाहिलं. मुलगा भिंतीकडे बघत होता.

“आता बघितलंतच तर काय लपवू? किडनीचं आहे. आठवड्यातनं तीनदा यावं लागतं. ह्यांची ड्युटी सकाळची, म्हणून हा आणतो. पण भावजी, मंडळात कुठं बोलू नका हां. गावी मुलीचं जमत आलंय. त्यांच्या कानावर गेलं तर म्हणतील, आज आईला आहे, उद्या मुलीला निघेल. इथं एकाला कळलं की संध्याकाळी गावात पोचतं.”

“नाही बोलणार.”

“तुम्ही त्याच्या जुन्या कॉलेजातले. सगळं नीट करून दिलंत ना तुम्ही? मी ह्यांना तेच म्हटलं, आपला माणूस आहे तिथं, घोर नाही.”

म्हणजे त्याने घरी सांगितलंच नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो. तिला नर्सने आत नेलं. आम्ही दोघं उभे राहिलो.

“मला सांगायचंस ना रे,” मी म्हणालो. आज ते वाक्य आठवलं की स्वतःची लाज वाटते.

तो शांतपणे म्हणाला, “कोचसर एकटे असते तर सांगितलं असतं. ते केरळचे. त्यांनी कुणाला सांगितलं असतं? तुम्ही त्यांना बाहेर पाठवलंत.”

त्या दिवशी मी लीगच्या सचिवांना पत्र लिहिलं: फॉर्ममध्ये कारकुनी चूक झाली आहे, रिलीज द्यावं. सचिव वयस्क बहरीनी गृहस्थ, आवाज मऊ. त्यांचा फोन आला. “कारकुनी चूक म्हणजे नाव चुकतं, तारीख चुकते. तुम्ही तर लिहिलंय, त्याने मान्य केलं. त्याने नेमकं काय मान्य केलं होतं?” मी पुन्हा पत्रातलंच वाक्य वाचून दाखवू लागलो. ते म्हणाले, “खरं कारण लिहा. मग बघू, इंशाल्ला.”

खरी कारणं दोन होती. एक आईचं. ते लिहिलं असतं तर सगळे विरघळले असते आणि मीही दयाळू ठरलो असतो. पण पत्राची प्रत सहाही कॉलेजांना जाते आणि त्यातल्या तीन ऑफिसांत मराठी माणसं आहेत. दुसरं कारण माझं. ते लिहायला मी अकरा दिवस लावले. रोज मसुदा करायचा, रोज पुसायचा. कोचचं नाक कापलं जाईल, प्रिन्सिपल काय म्हणतील, माझं वय, माझा व्हिसा. त्या अकरा दिवसांत दोन सामने होऊन गेले आणि त्याचं वय काही एक दिवससुद्धा थांबलं नाही.

शेवटी लिहिलं: ‘आपण स्वतःहून चौकशीला गेलो होतो, असे खेळाडूने मला स्पष्ट सांगितले होते. मी ते फॉर्ममध्ये लिहिले नाही. माझ्याकडे संशयाखेरीज काही नव्हते.’

लीगचं काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं. कोच माझ्याबरोबर जेवेनासे झाले. मुलाला उरलेले दोन सामने मिळाले. त्यातला शेवटचा आमच्याशीच होता.

मी गेलो. कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलो. मुलगा गोलमध्ये उभा होता आणि दोन वेळा त्याचा कोच रेषेवर येऊन त्याच्याशी तोंडावर हात ठेवून बोलला. दोन्ही वेळा माझ्या मनात आलं, काय ठरतंय यांचं? सामना बरोबरीत सुटला. रिवाजाप्रमाणे दोन्ही संघ बुटक्या कुंपणावरून प्रेक्षकांशीही हात मिळवत आले. तो माझ्यापाशी आला, हातमोजा काढला आणि म्हणाला, “थँक्यू, सर.” काका म्हणाला नाही.

शेजारी मंडळातले एक बँकवाले उभे होते, त्यांचा मुलगा आमच्या संघात आहे. ते त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाले, “हा आपल्या ट्रेलरवाल्यांचा ना? याला मधे बंदी होती आणि तुम्हीच उठवलीत म्हणे. काय भानगड होती?”

“माझी चूक होती.”

“ते ऐकलं हो. पण असं उगाच कोण लिहून देतं? आणि याची आई दिसली नाही वर्षभर. गावी आहे का?”

“मला नाही माहीत.”

“तुम्ही एकाच गल्लीत राहता ना?”

“हो.”

“आणि माहीत नाही?”

मी मान हलवली. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं, मग मैदानाकडे, मग परत माझ्याकडे. ती नजर मला चांगली ओळखीची होती; लाल पेनाने ते तीन दिवस गोल करताना ती माझीच होती. मी त्यांना तसंच बघू दिलं.